आटगावच्या लोकलवाटेवरून चंद्राकडे : पहिल्या चांद्रावतरणामागील अपयशांचा इतिहास

१/
आटगावच्या फलाटावरून मुंबईकडे जाणारी कसारा लोकल आसनगाव, कल्याण, ठाणे मागे टाकीत विक्रोळीवरून पुढे जाते. शहापूर तालुक्यातील कित्येक प्रवासी रोज याच वाटेने कामाला जातात. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्रावर उतरलेल्या भारतीय यानाला पृथ्वीवरून उचलणाऱ्या प्रक्षेपकाची ‘विकास’ इंजिने याच विक्रोळीत, गोदरेजच्या कारखान्यात घडली होती. त्या संध्याकाळचा जल्लोष सर्वांच्या स्मरणात आहे. तिथवर पोहोचण्यासाठी किती अपयशे पचवावी लागली आणि त्यांतून नेमके काय शिकले गेले, त्याचा हा इतिहास.

२/
प्रथम प्रश्न असा, की चंद्रावर उतरणे इतके अवघड का? चंद्राला वातावरण नाही. त्यामुळे हवाई छत्री तिथे निरुपयोगी ठरते. चंद्राभोवती फिरणाऱ्या यानाचा वेग सेकंदाला सुमारे १,६८० मीटर, म्हणजे ताशी सहा हजार किलोमीटरांहून अधिक असतो. हा सारा वेग इंजिनाच्या उलट्या जोरानेच मारावा लागतो. पृथ्वीवरून पाठवलेला संदेश चंद्रापर्यंत पोहोचण्यास सव्वा सेकंदाहून अधिक काळ लागतो आणि उत्तर येण्यास तितकाच. त्यामुळे अखेरच्या मिनिटांत यानाला पाहणे, मोजणे आणि ठरवणे ही तिन्ही कामे स्वतःच करावी लागतात.

३/
या अडचणींनी महासत्तांनाही सोडले नाही. अमेरिकेने १९६१ पासून ‘रेंजर’ मालिकेतील याने चंद्राकडे धाडण्याचा उद्योग आरंभला. पहिली सहाच्या सहा याने आपापले काम पार पाडू शकली नाहीत. कुणी पृथ्वीच्या कक्षेतच अडकले, कुणी चंद्राला चुकवून पुढे गेले. सहावे तर अचूक चंद्रावर जाऊन आदळले, पण त्याच्या कॅमेऱ्यांनी एकही छायाचित्र पाठवले नाही. अखेर ३१ जुलै १९६४ रोजी सातव्या रेंजरने आदळण्यापूर्वी चंद्रपृष्ठाची हजारो जवळची छायाचित्रे पाठवली.

४/
सोव्हिएत संघाची वाटही काट्यांचीच होती. १९५९ मध्ये ‘लूना २’ चंद्रावर आदळले आणि मानवनिर्मित वस्तू प्रथमच चंद्राला भिडली. परंतु आदळणे निराळे आणि अलगद उतरणे निराळे. अलगद उतरण्याचे कित्येक सोव्हिएत प्रयत्न एकामागून एक फसले. ३ फेब्रुवारी १९६६ रोजी ‘लूना ९’ सुखरूप उतरले, तेव्हाच चंद्राची जमीन यानाचा भार पेलते हे सिद्ध झाले. तोवर चंद्रावर धुळीचा खोल थर असेल आणि यान त्यात रुतून बसेल, अशी शंका काही शास्त्रज्ञांनी गंभीरपणे मांडली होती.

५/
सर्वांत जिव्हारी लागलेला आघात जमिनीवरच झाला. २७ जानेवारी १९६७ रोजी ‘अपोलो १’ ची तालीम चालू असताना यानाच्या कुपीत आग लागली आणि गस ग्रिसम, एड व्हाइट व रॉजर चॅफी हे तिघे अंतराळवीर मृत्युमुखी पडले. कुपीत शुद्ध प्राणवायू भरलेला होता, आत ज्वालाग्राही वस्तू होत्या आणि दार आतल्या बाजूस उघडणारे असल्याने ते वेळेत उघडता आले नाही. चौकशीनंतर दार बाहेर उघडणारे झाले, उड्डाणमंचावर शुद्ध प्राणवायू भरणे बंद झाले आणि आतील साहित्य बदलण्यात आले. पुढील सर्व अंतराळवीरांनी या बदललेल्या कुपीतूनच प्रवास केला.

६/
२० जुलै १९६९. भारतात तेव्हा तारीख पालटून मध्यरात्रीनंतरचे पावणेदोन वाजले होते. ‘ईगल’ खाली येत असताना त्याचा संगणक पुन्हा पुन्हा धोक्याची सूचना देऊ लागला. समोर दगडधोंड्यांनी भरलेले विवर दिसताच नील आर्मस्ट्राँग यांनी सूत्रे स्वतःच्या हाती घेतली आणि यान पुढे नेले. ते टेकले तेव्हा उतरण्याच्या टाकीत एक मिनिटही पुरणार नाही इतकेच इंधन शिल्लक होते. दोघे अंतराळवीर अजून चंद्रावरच असताना सोव्हिएत संघाचे मानवरहित ‘लूना १५’ चंद्रावर आदळून नष्ट झाले. हा योगायोग ध्यानात ठेवावा. ५४ वर्षांनी इतिहासाने त्याची आठवण करून दिली.

७/
या घटनेनंतर अवघ्या २६ दिवसांनी, १५ ऑगस्ट १९६९ रोजी, भारतीय अंतराळ संशोधन संस्था म्हणजे ‘इस्रो’ स्थापन झाली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जगप्रवासाला निघालेले आर्मस्ट्राँग, ऑल्ड्रिन आणि कॉलिन्स मुंबईत येऊन गेले. मुंबईकरांनी चंद्रावर चाललेली माणसे पाहिली, तेव्हा भारताकडे स्वतःचा उपग्रह कक्षेत सोडू शकणारा एकही प्रक्षेपक नव्हता. एका बाजूस चंद्रावरून परतलेले प्रवासी आणि दुसऱ्या बाजूस अडीच महिन्यांची संस्था, एवढे हे अंतर होते.

८/
मुंबईचे नाते याहूनही जुने होते. भारताचा अंतराळ कार्यक्रम ज्या अणुऊर्जा विभागाच्या पंखाखाली वाढला, त्याचे मुख्यालय मुंबईत होते. होमी भाभा त्याचे प्रमुख होते. १९६२ मध्ये त्यांच्या पाठिंब्याने विक्रम साराभाई यांच्या अध्यक्षतेखाली अंतराळ संशोधनासाठी राष्ट्रीय समिती नेमली गेली. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी केरळातील थुंबा येथून पहिला अग्निबाण झेपावला. अग्निबाण अमेरिकी होता आणि प्रयोगशाळा एका चर्चच्या इमारतीत होती. त्या उड्डाणावर काम करणाऱ्या मूठभर तरुण अभियंत्यांत पुण्यात जन्मलेले प्रमोद काळे होते.

९/
पुढच्या आठ वर्षांत या कार्यक्रमाचे दोन्ही आधारस्तंभ कोसळले. २४ जानेवारी १९६६ रोजी भाभा विमान अपघातात गेले. ३० डिसेंबर १९७१ रोजी साराभाईंचे अकस्मात निधन झाले. त्यांचे वय अवघे ५२ वर्षांचे होते. व्यक्तींवर उभी असलेली संस्था अशा वेळी विस्कटते. इस्रो विस्कटली नाही, कारण सतीश धवन यांनी सूत्रे घेतली आणि प्रत्येक प्रकल्पाची जबाबदारी, त्याचे परीक्षण आणि त्याच्या अपयशाची चौकशी यांची शिस्त बसवली. पुढे चंद्रावर जाणाऱ्या लँडरला साराभाईंच्या स्मरणार्थ ‘विक्रम’ हे नाव देण्यात आले.

१०/
अग्निबाणाचा प्राण त्याच्या इंधनात असतो. घन इंधनाच्या क्षेत्रात भारताला स्वावलंबी करणाऱ्यांत वसंत गोवारीकर यांचे नाव अग्रभागी येते. पुण्यात जन्मलेले आणि साताऱ्यात वाढलेले गोवारीकर इंग्लंडमध्ये संशोधन करून परतले आणि थुंब्याच्या चमूत सामील झाले. घन इंधन दिसते रबरासारखे. पण त्यात एखादी भेग वा हवेचा बुडबुडा राहिला, तर जळणारा पृष्ठभाग अचानक वाढतो, दाब भडकतो आणि अग्निबाण फुटू शकतो. हे इंधन निर्दोष ओतण्याची विद्या कोणी विकत देत नव्हते. ती चाचण्या करीत कमवावी लागली.

११/
१० ऑगस्ट १९७९ रोजी श्रीहरिकोटा येथून भारताचा पहिला उपग्रह-प्रक्षेपक एसएलव्ही-३ निघाला आणि काही मिनिटांत बंगालच्या उपसागरात कोसळला. दुसऱ्या टप्प्याच्या नियंत्रण यंत्रणेतील द्रव गळून गेल्याने यान भरकटले होते. प्रकल्पाचे संचालक होते ए. पी. जे. अब्दुल कलाम. अध्यक्ष धवन यांनी पत्रकारांसमोर अपयशाची जबाबदारी स्वतः घेतली. ११ महिन्यांनी, १८ जुलै १९८० रोजी, त्याच प्रक्षेपकाने रोहिणी उपग्रह कक्षेत पोहोचवला आणि तेव्हा धवन यांनी बोलण्यासाठी कलामांना पुढे केले. त्या काळात थुंब्याच्या विक्रम साराभाई अंतराळ केंद्राचे संचालक गोवारीकर होते.

१२/
चंद्राएवढ्या लांबच्या प्रवासासाठी अधिक ताकदीची इंजिने हवी होती. १९७४ मध्ये फ्रान्सशी करार झाला. फ्रान्सच्या ‘वायकिंग’ इंजिनाच्या कामात भारतीय अभियंत्यांनी वर्षानुवर्षे श्रम द्यायचे आणि मोबदल्यात ती विद्या घ्यायची, असा तो व्यवहार होता. नंबी नारायणन यांच्या चमूने तिथे इंजिनाचा प्रत्येक भाग समजून घेतला. मायदेशी घडलेल्या इंजिनाला ‘विकास’ हे नाव मिळाले. मात्र रेखाचित्रे हाती येणे आणि तसे इंजिन कारखान्यात दरवेळी तितकेच अचूक घडणे यांत मोठे अंतर असते. ते अंतर कारागिरांनी कापले.

१३/
इथे पुन्हा लोकलची वाट आठवावी. विक्रोळीत ‘विकास’ इंजिने घडली. विक्रोळीच्या अलीकडे कांजूरमार्गला उतरून ज्या पवईला जाता येते, तिथे लार्सन अँड टुब्रोच्या कारखान्यात प्रक्षेपकाच्या बगलेतील दोन महाकाय घन-इंधन बूस्टरांच्या खोळीचे भाग तयार झाले. या खोळीचा व्यास ३.२ मीटर, म्हणजे खोलीच्या उंचीहून अधिक. पुणे जिल्ह्यात इंदापूर तालुक्यातील वालचंदनगर साखर कारखान्यासाठी ओळखले जाते. तिथल्या यंत्रशाळेतही प्रक्षेपकांचे भाग घडत आले आहेत. एका बूस्टरमध्ये २०० टनांहून अधिक इंधन जळते. त्या वेळी खोळीचा एक सांधा जरी उकलला, तरी मोहीम तिथेच संपते.

१४/
वरच्या टप्प्यासाठी क्रायोजेनिक इंजिन आवश्यक होते. त्यात हायड्रोजन उणे २५३ अंश सेल्सिअसच्या आसपास द्रवरूपात ठेवावा लागतो. १९९१ मध्ये रशियाशी झालेल्या करारानुसार इंजिने आणि तंत्रज्ञान दोन्ही मिळायचे होते. अमेरिकेने आक्षेप घेतला. क्षेपणास्त्रांशी संबंधित निर्बंधांचे कारण पुढे आले आणि १९९३ मध्ये रशियाने तंत्रज्ञान देण्याचे नाकारले. तयार इंजिने मात्र मिळाली. ती पुरवून वापरायची आणि दरम्यान स्वतःचे इंजिन उभे करायचे, एवढाच मार्ग उरला.

१५/
स्वतःचे क्रायोजेनिक इंजिन घेऊन जीएसएलव्ही १५ एप्रिल २०१० रोजी उडाले. वरच्या टप्प्यातील इंधन पुरवणारा पंप बंद पडला आणि यान समुद्रात गेले. त्याच वर्षी नाताळच्या दिवशी दुसरे उड्डाण आकाशातच फुटले. १९ ऑगस्ट २०१३ रोजी पुढचे यान मंचावर उभे असताना दुसऱ्या टप्प्यातून इंधनाची गळती दिसली आणि उलटगणती थांबवण्यात आली. ते यान माघारी नेले, गळका टप्पा बदलला. ५ जानेवारी २०१४ रोजी ते यशस्वी झाले. एक उड्डाण वेळीच थांबवण्याचे धैर्यही या यशात मोजले पाहिजे.

१६/
चंद्राकडे पहिली झेप याआधीच घेतली गेली होती. २२ ऑक्टोबर २००८ रोजी चांद्रयान-१ निघाले. १४ नोव्हेंबरला त्यातून सुटलेली एक लहान पेटी दक्षिण ध्रुवाजवळ चंद्रावर आदळवण्यात आली आणि भारताची पहिली वस्तू चंद्राला लागली. यानावरील उपकरणांच्या नोंदींतून चंद्रावर पाण्याच्या रेणूंच्या खुणा आढळल्या. परंतु दोन वर्षांसाठी आखलेली ही मोहीम ३१२ दिवसांतच संपली. यानाला दिशा दाखवणारे तारा-संवेदक निकामी झाले होते आणि २९ ऑगस्ट २००९ रोजी संपर्क तुटला. ही मोहीम यशस्वी मानली गेली, तरी तिचे निम्मे आयुष्य हिरावले गेले होते.

१७/
दुसऱ्या मोहिमेत लँडर रशियाचा आणि ऑर्बिटर व रोव्हर भारताचे, असे २००७ मध्ये ठरले होते. २०११ च्या नोव्हेंबरमध्ये मंगळाच्या उपग्रहाकडे निघालेले रशियाचे ‘फोबोस-ग्रुंट’ यान पृथ्वीच्या कक्षेबाहेरच पडू शकले नाही. त्यानंतर रशियाला आपल्या लँडरचाही फेरविचार करावा लागला आणि सहकार्याचे वेळापत्रक कोलमडले. भारताने लँडर स्वतः बनवायचे ठरवले. परदेशी यानाच्या अपघाताने भारतीय अभियंत्यांसमोर एक नवा विषय येऊन पडला, ज्याचा त्यांना पूर्वानुभव शून्य होता.

१८/
तयारी मुळापासून सुरू झाली. चंद्रावरील उंच प्रदेशाच्या मातीशी जुळणारा खडक तमिळनाडूतील सेलमच्या परिसरात मिळाला. तो दळून चाचणीसाठी कृत्रिम चांद्रमाती तयार केली गेली. कर्नाटकातील चळ्ळकेरे येथे जमिनीवर खोटी विवरे खोदून त्यांवरून लँडरचे संवेदक विमानाने फिरवण्यात आले. उतरताना जोर कमी-अधिक करता येईल असे ८०० न्यूटनचे इंजिन घडवले गेले. लँडर १,४७१ किलोंचा झाला आणि त्याच्या पोटात २७ किलोंचा ‘प्रज्ञान’ रोव्हर बसला. १५ जुलै २०१९ चे उड्डाण सुटण्यास तासाभराहून कमी अवधी असताना थांबवून दोष दुरुस्त केला गेला आणि २२ जुलैला यान निघाले.

१९/
त्या वर्षी महाराष्ट्रात २ सप्टेंबरला घरोघरी गणपती बसले. त्याच दुपारी विक्रम लँडर ऑर्बिटरपासून वेगळा झाला. ६ सप्टेंबरला गौरीपूजन होते. त्या रात्री गौरी जागवणारी कित्येक घरे दूरचित्रवाणीसमोर चंद्रासाठीही जागी राहिली. ७ सप्टेंबर उजाडला होता. मध्यरात्रीनंतर १ वाजून ३८ मिनिटांनी, ३० किलोमीटर उंचीवर, विक्रमची इंजिने पेटली. पहिला टप्पा नियोजनाप्रमाणे पार पडला. पडद्यावरील हिरवा ठिपका आखलेल्या रेषेवरून खाली येत होता. मग तो रेषेपासून ढळला आणि काही वेळाने हलेनासा झाला.

२०/
बंगळुरूच्या नियंत्रण कक्षात शांतता पसरली. २.१ किलोमीटर उंचीपर्यंत उतरण सुरळीत होते, त्यानंतर संपर्क तुटला, असे अध्यक्ष के. सिवन यांनी सांगितले. सकाळी पंतप्रधानांना निरोप देताना त्यांना अश्रू आवरले नाहीत आणि ते दृश्य देशभर पाहिले गेले. डिसेंबरमध्ये चेन्नईतील अभियंता षण्मुग सुब्रमणियन यांनी नासाच्या छायाचित्रांत चिकाटीने शोध घेऊन विक्रमच्या अवशेषांची एक खूण दाखवून दिली. नासाने तिला दुजोरा दिला. अश्रूंची चर्चा काही दिवसांनी ओसरली. चौकशी समितीचे काम तेव्हा कुठे सुरू झाले होते.

२१/
चौकशीत काय निघाले? पाचही इंजिनांनी अपेक्षेहून थोडा अधिक जोर दिला. कॅमेऱ्याने खालची छायाचित्रे घेता यावीत म्हणून यान काही काळ स्थिर ठेवायचे होते. त्या काळात ही चूक दुरुस्त न होता साचत गेली. पुढे ती एकदम सुधारण्यासाठी यानाला झपाट्याने वळावे लागले, पण किती वेगाने वळायचे यावर आज्ञावलीने मर्यादा घातली होती. त्यातच उतरण्यासाठी दिलेली जागा ५०० मीटर लांब आणि तितकीच रुंद. यान त्या चिमुकल्या चौकोनाकडे जाण्यासाठी वेग वाढवीत राहिले, जेव्हा त्याने तो कमी करायला हवा होता.

२२/
यातील एकही दोष एकटा घातक नव्हता. इंजिन बंद पडले नव्हते, संगणक ठप्प झाला नव्हता. प्रत्येक भाग आपापल्या आज्ञेप्रमाणेच वागत होता. आज्ञा लिहिताना मात्र सारे काही ठरल्याप्रमाणे होईल असे गृहीत धरले होते आणि ठरल्याहून थोडे निराळे झाले तर काय, याचा विचार तोकडा पडला होता. संसदेला दिलेल्या उत्तरातही हेच सांगण्यात आले. दुसऱ्या टप्प्यात वेग आखणीहून अधिक घटला आणि त्यापुढच्या टप्प्याची सुरुवातच आराखड्याच्या मर्यादेबाहेर झाली. विक्रम ठरलेल्या जागेपासून ५०० मीटरांच्या आतच, पण आदळून पडला.

२३/
या पराभवात एक गोष्ट शाबूत राहिली होती. चांद्रयान-२ चा ऑर्बिटर चंद्राभोवती उत्तम फिरत होता. त्याचा कॅमेरा चंद्रपृष्ठावरील सुमारे ३० सेंटीमीटरची वस्तू ओळखू शकत होता. पुढील लँडरसाठी जागा निवडताना याच कॅमेऱ्याने दगड, उतार आणि विवरे टिपून दिली. म्हणून चांद्रयान-३ सोबत नवा पूर्ण ऑर्बिटर धाडण्याची गरजच उरली नाही. लोकांच्या लेखी फसलेली मोहीम चार वर्षे आकाशात राहून पुढच्या मोहिमेची वाट मोजत होती.

२४/
नवे अध्यक्ष एस. सोमनाथ यांनी बदलाचे सूत्र थोडक्यात मांडले : पूर्वीची रचना यशाच्या गृहीतकावर होती, आताची अपयशाच्या गृहीतकावर. काय काय बिघडू शकते याची यादी करून प्रत्येक बिघाडातून यानाला कसे वाचवायचे हे ठरवले गेले. मधले पाचवे इंजिन काढून चारच ठेवले. उतरण्याचा प्रदेश ४ किलोमीटर लांब आणि २.४ किलोमीटर रुंद केला. पाय बळकट करून सेकंदाला ३ मीटर वेगाने टेकले तरी सहन होईल असे केले. इंधन वाढवले, सौरपट्ट्या वाढवल्या, वेग मोजणारे नवे लेसर उपकरण बसवले. लँडरचे वजन रोव्हरसह १,७५२ किलोंवर गेले.

२५/
कागदावरील सुधारणांवर विसंबायचे नव्हते. चळ्ळकेरे येथे लँडरचे संवेदक हेलिकॉप्टरला टांगून उडवले गेले. उंच क्रेनला प्रतिकृती अडकवून तिची इंजिने प्रत्यक्ष पेटवली गेली. कृत्रिम चांद्रमातीवर पाय वेगवेगळ्या वेगांनी आणि कोनांतून आपटून पाहिले गेले. प्रकल्प संचालक पी. वीरमुथुवेल आणि सहायक प्रकल्प संचालक कल्पना के. यांच्या चमूने महामारीच्या काळातही हे काम चालू ठेवले. १४ जुलै २०२३ रोजी दुपारी २ वाजून ३५ मिनिटांनी प्रक्षेपक उठला. आधी पवई आणि वालचंदनगरच्या कारागिरीचे बूस्टर जळाले, मग विक्रोळीची इंजिने आणि शेवटी स्वदेशी क्रायोजेनिक टप्पा.

२६/
अपोलो चार दिवसांत चंद्राजवळ पोहोचले होते. चांद्रयान-३ ला ४० दिवस लागले, कारण त्याचा प्रक्षेपक अपोलोच्या तुलनेत लहान होता. पृथ्वीभोवतीची कक्षा हळूहळू वाढवीत, तिच्याच ओढीचा उपयोग करीत ते गेले. याच सुमारास रशियाचे ‘लूना २५’ दक्षिण ध्रुवाकडे झपाट्याने निघाले होते आणि भारताआधी उतरणार होते. १९ ऑगस्टला ते चंद्रावर आदळले. एप्रिलमध्ये जपानी खासगी कंपनीचे यानही उंचीचा अंदाज चुकल्याने कोसळले होते. १९६९ मध्ये लूना १५ च्या वेळी दिसलेली चंद्राची परीक्षा ५४ वर्षांनीही तितकीच कठोर होती.

२७/
२३ ऑगस्ट २०२३, श्रावण शुद्ध सप्तमी. भारताच्या आकाशात अर्ध्याजवळ आलेला चंद्र वर होता. संध्याकाळी पावणेसहाच्या सुमारास इंजिने पेटली. ३० किलोमीटरपासून सात किलोमीटरपर्यंतची उतरण पार पडली. मग २०१९ मध्ये जिथे चूक साचली होती, तो टप्पा आला आणि ठिपका रेषेवरच राहिला. दोनदा घिरट्या घेत यानाने खालची जमीन तपासली. ६ वाजून ४ मिनिटांनी विक्रम टेकला. अमेरिका, सोव्हिएत संघ आणि चीन यांच्यानंतर चंद्रावर अलगद उतरणारा भारत चौथा देश ठरला, आणि दक्षिण ध्रुवाच्या इतक्या जवळ पोहोचणारा पहिला.

२८/
३ सप्टेंबरला विक्रमने इंजिने पुन्हा पेटवून सुमारे ४० सेंटीमीटर उडी मारली आणि थोडे बाजूला जाऊन तो परत टेकला. चंद्रावरून परतीचा विचार करणाऱ्यांसाठी ती छोटी उडी मोलाची होती. मग १४ दिवसांची चांद्ररात्र आली. थंडीनंतर विक्रम आणि प्रज्ञान पुन्हा जागे झाले नाहीत. ते जागे होतील अशी आखणीच नव्हती, फक्त आशा होती. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने चांद्रयान-४ ला मान्यता दिली. चंद्रावरची माती उचलून पृथ्वीवर आणणे हे तिचे उद्दिष्ट आहे. त्या मोहिमेला उतरणे आणि उडणे दोन्ही साधावे लागेल.

२९/
चंद्राच्या नकाशावर आज भारताने नावे दिलेली तीन ठिकाणे आहेत. चांद्रयान-१ ची पेटी जिथे आदळली ते ‘जवाहर’. चांद्रयान-३ जिथे उतरले ते ‘शिवशक्ती’. आणि तिसरे ‘तिरंगा’, जिथे २०१९ मध्ये पहिला विक्रम कोसळला. हे तिसरे नाव यशानंतर, २६ ऑगस्ट २०२३ रोजी दिले गेले. जिथे यान फुटले ती जागा लपवली नाही, तिला राष्ट्रध्वजाचे नाव दिले. माहुलीच्या सुळक्यांवर चंद्र पाहताना आटगाव-शहापूरच्या मुलांनी आठवावे, की त्या प्रकाशात दोन विक्रम आहेत : एक फुटलेला आणि एक उभा. दुसरा उभा राहिला तो पहिल्याच्या नोंदी कोणी फेकून दिल्या नाहीत म्हणून.